वाकलेला फोर्क

मोटारसायकली किक मारल्याशिवाय जाग्या होत नसत, त्या दिवसांतली गोष्ट. एका गिअरबॉक्समधला दुसरा गिअर धावता धावता सारखा निसटायचा. “निसटले बघा साहेब!” बाकीचे गिअर खिदळायचे. त्याला जागेवर धरून ठेवणारा फोर्क मात्र गप्प असायचा. मालक क्लच न दाबताच गिअर टाकतो, त्यामुळे आपण वाकलोय आणि म्हणून हा निसटतोय, हे त्याला ठाऊक होतं. पण बोललं तर भंगारात जावं लागणार!

शेवटी यासीनमिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरचे दात झिजून गोल झालेले पाहून त्यांनी तो भंगाराच्या डब्यात टाकला आणि नवा आणला.

नवा चकाकत म्हणाला, “काका, मला घट्ट धराल ना?”

फोर्कला हो म्हणवेना. तेवढ्यात मिस्त्रींनी त्याला पुसून, सरळ आहे का ते बघायला सपाट काचेवर ठेवलं. अंग आवळून सरळ दिसणं त्याला जमलं असतं. पण त्याने अंग सैल सोडलं आणि तो डुगडुगला.

“अरेच्चा, खरं दुखणं इथं आहे होय!” मिस्त्री म्हणाले.

फोर्क डब्यात पडला, तो जुन्या गिअरच्या शेजारीच.

“उशीर केलास रे,” गिअर म्हणाला.

“केला.”

गिअर जरा सरकला. “त्या नव्या पोराचे दात तरी वाचले. ये, टेक इथं.”