कुलपातले राघू

एका गावात लग्न ठरलं की घरची माणसं भटजींच्याही आधी एका बाईचं दार ठोठावत. ही बाई कागदाचे राघू करायची. पतंगी कागदाची घडी, कात्रीचे चार हात, खळीचं एक बोट, की झाला राघू तयार! मांडवभर तिचे राघू टांगले म्हणजे पाहुणे पानावरचं जेवण विसरून वर बघत बसत. मग कुणीतरी विचारायचंच, "कुणी केले हो हे?" बाई पदर सावरून पुढे व्हायची आणि म्हणायची, "मी." त्या एका 'मी'साठी ती मान मोडून राबायची. गाव तिला राघूवाली म्हणायचं.

हात गुणी होता, पण कामाला दुसऱ्याचा हात लागलेला तिला मुळीच खपत नसे. तिचे सगळे राघू एकाच बाजूला बघत, शाळेत रांगेत उभी केलेली पोरं जणू! शिकायला आलेल्या एखाद्या सुनेच्या हातून चोच वाकडी झाली, की बाई तो राघू तिच्यादेखत चुरगळून टाकी. ती सून मग पुन्हा फिरकत नसे.

बाईला एकुलती एक लेक होती. लहानपणापासून ती आईच्या मागे लागे, "आई, मलाही शिकव ना गं." आई म्हणे, "तुझे हात ओले असतात. कागद वाया जाईल. पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ काही आली नाही आणि लेक लग्नाला आली.

मग काय विचारता! आजवर कुणी पाहिले नसतील असे पांढरेशुभ्र राघू करायचे, असं बाईनं मनाशी ठरवलं. मागची खोली रिकामी केली. काम सुरू झालं आणि दाराला कुलूप लागलं. किल्ली बाईच्या कमरेला. लेकीलाही आत यायची बंदी.

आता ही खळ म्हणजे गव्हाच्या पिठाची. उंदरांना ती भारी आवडते. म्हणून खळ शिजवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायची रीत होती. ते विषारी, त्यामुळे उंदीर कागदाच्या वाटेला जात नसत. पण मोरचुदानं खळीला निळसर झाक येते आणि ती पांढऱ्या कागदावर उठून दिसली असती. बाईनं ते घातलंच नाही. खोलीत घरचं मांजर निजायचं, त्यालाही राघूंना नख लावील म्हणून हाकलून दिलं.

एके दुपारी शेजारीण सहज डोकावली. "खळीत मोरचूद घातलंस ना गं?"

राघूवाली दारात आडवी उभी राहिली. "मला शिकवू नका, वहिनी. आणि आत बघू नका. नजर लागते."

शेजारणीचं तोंड एवढंसं झालं. ती आल्या पावली परत गेली.

राघू पुरे झाले, मग खोली चार दिवस कुलपातच राहिली. लग्न उद्यावर आलं. अंगणात मांडव उभा राहिला, हळदीला गावच्या बायका जमल्या. राघूवालीनं मोठ्या ऐटीत कुलूप काढलं, दार ढकललं आणि ती दारातच थबकली.

खळ लागलेली एकही जागा उंदरांनी सोडली नव्हती. राघूंना चोची नव्हत्या, पंख नव्हते. जमिनीवर नुसता कागदाचा चुरा. एक लठ्ठ उंदीर तिच्यादेखत भिंतीकडेनं निवांत चालत गेला.

"काय झालं गं?" मागून बायका विचारू लागल्या. हळद लागलेली लेकही धावत आली आणि आत बघू लागली.

बाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. नजर लागली, एवढं म्हटलं की पुरे. सगळ्यांच्या माना शेजारणीकडे वळल्या असत्या आणि हिचं नाव शाबूत राहिलं असतं. शेजारणीलाही ते कळलं असावं. ती हळूच मागे सरकली. तिला तसं सरकताना राघूवालीनं पाहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"उंदरांनी खाल्लं," ती म्हणाली. "खळीत मोरचूद मी घातलं नाही. वहिनींनी विचारलं, तर त्यांनाच टोचून बोलले. मांजरही मीच हाकललं. माझ्या पोरीचा मांडव मीच ओकाबोका केला गं!" आणि ती उंबऱ्यावर बसून रडू लागली.

मग शेजारीणच पुढे आली, आत डोकावली आणि म्हणाली, "म्हणजे आधी उंदरांचं लग्न लागलं म्हणायचं! आणि पंगतीला आपल्यापैकी कुणालाच बोलावलं नाही!"

एक हसली, दुसरी हसली. राघूवालीलाही रडता रडता हसू फुटलं. किती दिवसांनी तिला छातीभर श्वास घेता आला!

तिनं डोळे पुसले. "वहिनी, खळ तुम्ही शिजवा. मोरचूद तुमच्याच हातानं घाला. बायांनो, घरात असेल तो कागद आणा, कुठल्याही रंगाचा. आणि पोरी, तू हात पुसून इथं माझ्याजवळ बस. शिकवते."

"हळदीच्या पोरीला कुणी कामाला बसवतं का?" एक म्हातारी करवादली.

"आजच बसवायची, आत्या. उद्या ती माझी कुठली?"

बघता बघता अंगण रंगीत कागदांनी भरलं. कुणाचा राघू जाडा झाला, कुणाचा कावळ्यासारखा दिसू लागला. लेकीच्या पहिल्या राघूची मान पार मागे वळली. चुरगळायला बाईचा हात सवयीनं पुढे गेला. लेक बघत होती. बाईनं हात मागे घेतला, त्याच राघूला दोरा ओवला आणि तो मांडवाच्या मधोमध टांगला. मांजर कधीच खोलीत येऊन निजलं होतं. त्याला कुणी उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. वराचे आजोबा वर बघत म्हणाले, "मांडवातले राघू पुष्कळ पाहिले, पण हे एकमेकांशी गप्पा मारताना दिसतात! कुणी केले हो?"

सगळ्या बायका राघूवालीकडे बघू लागल्या. तिनं सवयीनं पदर सावरला, तोंड उघडलं आणि म्हणाली, "आम्ही."

पाठवणीच्या वेळी लेकीनं तो मागे वळून बघणारा राघू मागून घेतला. आई तिला पोटाशी धरून म्हणाली, "सासरी करशील तेव्हा खळीत मोरचूद विसरू नकोस."

"आणि मांजर?" लेकीनं विचारलं.

"त्याला आतच ठेव गं," आई म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसल्या.

तात्पर्य: आपलं काम कुलपात ठेवलं, तर मदत करणारे हात बाहेर राहतात. चूक कबूल करून दार उघडलं, की तेच हात धावून येतात.