पाचरीची युक्ती

वाफेच्या गिरण्या नव्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात गिरणीवर सागाचे ओंडके चिरत. ओल्या ओंडक्याची फट चिरता चिरता मागून मिटायची, करवत आत अडकायची आणि तिचे दात मोडायचे.

एकदा बाभळीची लहानशी पाचर तिला म्हणाली, "करवतीबाई, तुम्ही पुढं व्हा. मागची फट मी धरून ठेवते." घणानं पाचर ठोकली आणि करवत सरळ पार गेली.

दुसऱ्याच दिवशी घण शहरात जाऊन शिक्क्याचा पेटंट-कागद घेऊन आला. "युक्ती माझी. मला विचारल्याशिवाय फटीत शिरायचं नाही."

पाचर म्हणाली, "घणदादा, तुम्ही तर माझ्या डोक्यात हाणण्यापलीकडं काही केलं नाहीत."

"कागदावर तुझं नाव कुठंय, दाखव."

पाचर बाजूला जाऊन बसली. घणानं मोठ्या तोऱ्यात नवा ओंडका लावायला सांगितला. करवत निम्म्यात पोचली आणि ओंडका मिटला.

"पाचरे, ये गं लवकर," घण म्हणाला.

अडकल्या जागेवरूनच करवत बोलली, "घाव तिनं सोसले, शिक्का तुम्ही घेतलात. आता तिला कशाला बोलावता? घाला की तुमचा कागद फटीत."