झुंबरदाजींनी सुरू केलेला ट्रॅक्टर

कुठल्याशा गावात एक भोळा घरजावई राहायचा. नाव झुंबर. एकदा सांगितलेली गोष्ट तो कधी म्हणून विसरायचा नाही. घोटाळा तेवढाच होता.

सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर गोठ्यामागे गंज खात पडला होता. झुंबरला त्याचा भारी लळा. मोकळा वेळ मिळाला की फडकं घेऊन पुसत बसायचा. एकदा सासरे म्हणाले, "जावईबापू, दसऱ्यापर्यंत सुरू केलात तर पूजेला देवळापुढं नेऊ. नाहीतर त्याच दिवशी न्यायला भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

झुंबरने तिथंच बाह्या सरसावल्या. तो लगेच कामाला लागला.

पहिलाच नट जाम. झुंबरने घण घातला. नट तुटला. आवाज ऐकून गावचे बाबूलाल मिस्त्री धावत आले.

"दाजी, जाम झालेलं ठोकायचं नसतं. रातभर डिझेलात भिजत घालायचं!"

"बरं," झुंबर म्हणाला.

मग त्याला सीटची गादी कडक लागली. त्याने ती रात्रभर डिझेलात भिजत घातली. सकाळी मिस्त्री तिच्यावर बसले आणि उठले ते पँट पिळतच.

"अहो, गादी भिजवतात का? उन्हात टाकायची!"

"बरं," झुंबर म्हणाला. त्याने चाकाची ट्यूब काढली, टम्म फुगवली आणि कडक उन्हात पत्र्यावर टाकली. दुपारी असा बार उडाला की शेजारच्या कोंडाबाईंच्या कोंबड्या अंडी द्यायच्याच विसरल्या.

"ट्यूब उन्हात? ती पाण्यात बुडवायची दाजी! बुडबुडे येतील तिथं ठिगळ लावायचं!"

"बरं," झुंबर म्हणाला. पुढे त्याने डिझेलपंप काढला आणि हौदात बुडवला. बघतो तर बुडबुडेच बुडबुडे. बिचारा संध्याकाळपर्यंत एकेक भोक शोधून ठिगळं लावत बसला.

"मिस्त्री, पंपाची पार चाळण झाली होती. आता थेंबभर गळायचा नाही."

मिस्त्री मटकन खाली बसले. "दाजी, पाया पडतो तुमच्या. आता बोटसुद्धा लावू नका. ज्याला खोलता येतं, त्यालाच हात लावू द्या!"

"बरं," झुंबर म्हणाला.

पुढचं सगळं मिस्त्रींनीच निस्तरलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर धडधडला. सासऱ्यांचे डोळे भरून आले. झुंबर तर अंगणभर नाचला. त्या आनंदात भंगारवाल्याला नको म्हणून कळवायचं राहून गेलं.

दसऱ्याला सकाळी सासरे आणि मिस्त्री झेंडूचे हार आणायला बाजारात गेले. झुंबर राखणीला बसला. तेवढ्यात टेम्पो आला. एक माणूस पाना घेऊन उतरला.

"भंगारात द्यायचा ट्रॅक्टर हाच ना?"

झुंबर आडवा आला. "थांबा! तुम्हाला खोलता येतो का?"

"येतो का म्हणजे? जन्म गेला त्यात. जेवणाच्या आत सुटा करतो."

झुंबरचा जीव भांड्यात पडला. तो बाजूला झाला.

सासरे आणि मिस्त्री परतले तेव्हा गोठ्यामागे नुसता तेलाचा डाग उरला होता. सासऱ्यांच्या हातातला हार तसाच राहिला.

"जावईबापू... ट्रॅक्टर?"

"खोलून नेला," झुंबर हसत म्हणाला. "काळजी करू नका मामा. मी बोटसुद्धा लावलं नाही. आणि त्याला येतं का, ते आधी विचारून घेतलं."