सारजाच्या दोन वाट्या

करंजवाडीच्या शेवटच्या वळणावर एक घर आहे. कधी गेलात तर लगेच ओळखाल, कारण गावात सगळ्यात लालभडक कौलं त्याचीच. त्या कौलांपायीच हे सगळं घडलं. परी कुठाय म्हणून आत्तापासून मला छळू नका. परी आपल्या वेळेला येते.

त्या घरात भिवा आणि सारजा हे नवरा-बायको राहायचे. भिवा कल्हईवाला होता. कल्हई म्हणजे काय, माहीत नसेल तर सांगते. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, आमटी असं काही ठेवलं, तर ते कळकतं, म्हणजे हिरवट पडतं आणि तोंडात घेववत नाही. म्हणून भांड्याला आतून कथील नावाच्या पांढऱ्या धातूचा हात द्यायचा. सारजा भाता ओढायची, भट्टी लालेलाल फुलायची. भिवा तापलेल्या भांड्यात कथलाचा तुकडा फिरवायचा, वरून कापसाचा बोळा सर्रकन घुमवायचा, की काळंकुट्ट भांडं आतून चकचक चकचक हसायला लागायचं. लहान मुलं हातातला खाऊ विसरून ते बघत उभी राहायची.

या गोष्टीच्या तीन वर्षं आधी एका वादळानं त्यांचं छप्पर उचललं आणि थेट ओढ्यापलीकडे नेऊन टाकलं. वखारवाल्या जनूभाऊंनी वासे दिले, कौलं दिली, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला द्या म्हणाले. तारण म्हणून त्यांनी सारजाचा तांब्या ठेवून घेतला. तिच्या आईनं लग्नात दिलेला, गोल पोटाचा, गुलाबी झाक असलेला तांब्या तो. तिसऱ्या पाडव्यापर्यंत सगळं फिटलं तर तांब्या सारजाचा, नाही तर जनूभाऊंचा. जनूभाऊ काही वाईट माणूस नव्हते, पण एकदा बोलले की बोलले.

पाडव्याला गुढीवर तांब्या पालथा घालतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तांब्या नाही म्हणून दोन पाडवे या घरावर गुढी उभी राहिली नव्हती. शेजारच्या चंपाकाकू म्हणायच्या, "सारजे, माझा ने की."

"नको काकू," सारजा म्हणायची, "आईच्याच तांब्याची उभारीन. आता थोडेच दिवस राहिलेत." पहिल्या वर्षीसुद्धा ती थोडेच दिवस म्हणायची. तिचा हिशेबच तसा होता.

कोनाड्यात तिनं छत्तीस खडे मांडले होते. एक महिना फिटला की एक खडा अंगणात. आणि काटकसर तरी किती? दिवा जेवणापुरता. मेथीचे देठसुद्धा भाजीत. चहात साखर एकाच्याच कपात, आज त्याच्या, उद्या तिच्या. जुन्या लुगड्याची गोधडी झाली, गोधडीचं पायपुसणं झालं, आणि पायपुसण्याचा बोळा भिवानं भांडी घासायला घेतला.

जेवायला रोज भाकरी आणि चटणी. पण ती खायची त्यांची रीत मोठी गमतीची होती. ताटावर बसलं की भिवा म्हणायचा, "एक, दोन, तीन," आणि दोघं एकदम आवडत्या पदार्थाचं नाव घ्यायचे. भिवा म्हणायचा पुरणपोळी, सारजा म्हणायची श्रीखंड. तीन वर्षांत एकदाही जुळलं नाही. मग दोघं पोट धरून हसायचे आणि भाकरी चटणीला लावून खायचे.

असं करता करता कोनाड्यात एकच खडा उरला. पाडवा दोन दिवसांवर आला. गावजेवणाच्या मोठ्या हंड्याला कल्हई करायचं काम भिवाला मिळालं होतं. त्या मजुरीत शेवटचा खडा उचलला जाणार होता. बाजार चार दिवसांवर होता, म्हणून भिवानं त्या हंड्यापुरतं सुपारीएवढं कथील आधीच जपून ठेवलं होतं.

आता येते परी.

सकाळी सारजा परसात काटक्या वेचत होती. परसात पळस होता, केशरी फुलांनी नुसता पेटलेला. त्याच्या एका फांदीवर वीतभर उंचीची एक परी पाय हलवत बसली होती. तिचे पंख आंब्याच्या कोवळ्या पालवीसारखे तांबूस होते. कपाळावर दवाची टिकली, आणि मांडीवर आवळ्याएवढी एक काळी पडलेली लोटी.

"बाई, इथेच भांडी उजळतात ना?" परीनं हळूच विचारलं.

"इथेच," सारजा म्हणाली. "परी असलीस तरी खाली उतर, फांदी कच्ची आहे."

परी भुर्रकन उतरली. "ही माझी दवाची लोटी. रोज पहाटे हिच्यातून मी फुलांना दव वाटते. पण हिची कल्हई गेली, आणि दव कळकायला लागलं. बघा, फुलं कशी तोंड वाकडं करतात." खरंच, पळसाची खालची फुलं करपून गेली होती. "पण मजुरी द्यायला माझ्याजवळ काही नाही," परी मान खाली घालून म्हणाली.

सारजानं तिला भट्टीपाशी नेलं. भिवानं लोटी दोन बोटांत धरून बघितली. "एवढीशी तर आहे. कथील कितीसं लागणार?"

सारजानं भाता ओढला, लोटी तापली, भिवानं कथील टेकवलं. पण परीचंच भांडं ते. जेवढं कथील टेकवावं तेवढं पिऊन टाकायचं आणि पुन्हा काळं. सुपारीची हरभऱ्याएवढी गोळी झाली, तरी लोटी अर्धीच उजळलेली. भिवाचा हात थांबला.

"सारजा, उरलेलं घातलं तर हंड्याला काही राहत नाही," तो म्हणाला. "मग तांब्या गेला."

आईचा तांब्या सारजाच्या डोळ्यांपुढे आला. मग तिनं करपलेल्या फुलांकडे पाहिलं. "अर्धं उजळलेलं भांडं आपल्या भट्टीवरून आजवर कधी गेलंय का?" ती म्हणाली. "घाला तुम्ही. हंड्याचं बघू. अजून दोन दिवस आहेत."

भिवानं उरलेली गोळी फिरवली, बोळा घुमवला, आणि लोटी अशी उजळली की भट्टीच्या भिंतीवर चांदण्या नाचायला लागल्या. परी टाळ्या वाजवत सुटली.

तिनं लोटी घ्यायला हात पुढे केला, तर सारजा म्हणाली, "थांब गं. रिकामं भांडं परत देत नाहीत." आत जाऊन तिनं डबा खरवडला. पाडव्यासाठी ठेवलेला गुळाचा एकच खडा होता, तो तिनं लोटीत टाकला.

परी गुळाकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "किती गावं ही लोटी घेऊन हिंडले मी. कुणी कधी काही घालून दिली नव्हती. ऐका, मी तुम्हाला एक इच्छा देते. तिच्या अटी नीट ऐका. सोनं-नाणं मागायचं नाही, ते माझ्याकडे नसतंच. दोघांनी एका श्वासात एकच शब्द बोलायचा. आणि आधी ठरवून बोलायचं नाही."

एवढं बोलून ती पळसात शिरली. दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत बसले. ठरवायचं नाही, मग जुळणार कसं? भिवाच्या मनात कथील होतं, सारजाच्याही मनात कथील होतं, पण तोंड उघडायला दोघंही भीत होते.

दिवेलागणीला जेवायला बसले. सारजाचा चेहरा उतरलेला पाहून भिवाचा जीव कळवळला. तिनं आपला पाडव्याचा गूळसुद्धा देऊन टाकला, निदान आज तिच्या आवडीचं नाव तरी घ्यावं, असं त्याला वाटलं. आणि सवयीनं तो म्हणून गेला, "एक, दोन, तीन."

"श्रीखंड," दोघं एकदम म्हणाले.

झालं. कोपऱ्यातली परात काठोकाठ भरली. पिवळंधमक केशरी श्रीखंड, वर चारोळ्या, आणि वेलदोड्याचा घमघमाट साऱ्या घरात. तीन वर्षांत पहिल्यांदा जुळलं, ते नेमकं आत्ता.

भिवानं कपाळावर हात मारला. "मी मूर्ख आहे. तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो, आणि इच्छा गेली."

सारजानं बोट बुडवून चाखलं. "इच्छा गेली, पण श्रीखंड फक्कड झालंय," ती म्हणाली. तिला हसू आवरेना, मग भिवालाही आवरेना. दोघं पोटभर जेवले. तरी परात जवळजवळ होती तशीच होती.

आता काटकसरीच्या घरात काही वाया गेलेलं कसं चालेल? सकाळी उठल्याबरोबर सारजा म्हणाली, "हे दुपारपर्यंत आंबेल. वाटून टाकू." घरात वाट्या दोनच होत्या. एक भरून सारजानं पळसाखाली ठेवली, परीच्या वाट्याची. दुसरी घेऊन ती गावात निघाली. एका घरी द्यायची, ती रिकामी करून परत येईपर्यंत उंबऱ्यावर थांबायचं, घरी येऊन पुन्हा भरायची.

आणि वाटी काही रिकामी परत येईना. करंजवाडीत ती पद्धतच नाही. एका घरातून मूठभर तांदूळ आले, एका घरातून दोन लिंबं, कुठून ओली हळद, कुठून साखरेची गाठी. दुपारपर्यंत सारजाच्या ओट्यावर पाडव्याची सगळी तयारी जमली. फक्त कथील तेवढं नव्हतं.

शेवटची वाटी चंपाकाकूंची. काकू एकट्या राहायच्या, घरात फारसं काही नसायचं. वाटी घेऊन त्या आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. मग डबे वाजले, पेटी उघडल्याचा आवाज आला.

"सारजे, घरात साखरेचा कण नाही गं," काकू ओशाळून म्हणाल्या. "ह्यांच्या पेटीत हा गोळा मिळाला. ते कंदिलांची भोकं डाग देऊन बुजवायचे ना, तेव्हाचा. मला काय त्यातलं कळतंय? वाटी रिकामी नको, म्हणून ठेवलाय."

सारजानं वाटीत पाहिलं. पांढरा, जड, पेरूएवढा कथलाचा गोळा. तिनं काकूंना मिठीच मारली आणि उभ्या उभ्या रडून घेतलं. काकूंना काही समजेना, पण त्यांनीही तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग काय विचारता. भट्टी पेटली, भाता घरघरला, आणि संध्याकाळच्या आत गावजेवणाचा हंडा झगझगीत झाला. मजुरी घेऊन दोघं तडक वखारीत गेले. जनूभाऊंनी पैसे घेतले, तांब्या आणला आणि म्हणाले, "भिवा, एक दिवस शिल्लक ठेवून फेडलंस." तांब्या रिकामा नव्हता. जनूभाऊंनी त्यात मूठभर बत्तासे घातले होते.

पाडव्याच्या सकाळी लाल कौलांवर गुढी उभी राहिली. हिरवं रेशमी खणाचं कापड, कडुलिंबाचा डहाळा, आणि वर आईचा तांब्या, उन्हात गुलाबी गुलाबी. कोनाडा मोकळा होता. सारजानं तिथे पणती ठेवली.

दोघं हात जोडत होते, तेवढ्यात परी वाटी डोक्यावर घेऊन ठुमकत आली. तिच्यामागे पळसाची फुलं पुन्हा टवटवीत झाली होती. "तुमची वाटी," ती म्हणाली. "आणि रिकामं भांडं परत देत नाहीत." वाटीत दवाचा एक थेंब होता, आणि त्यात सात रंग फिरत होते. "अजून एक इच्छा. अटी त्याच."

यावेळी दोघं घाबरले नाहीत. ओट्यावर पाडव्याचं सगळं मांडलेलं होतं, छप्पर आपलं होतं, तांब्या आपला होता. आणि तीन वर्षं दोघांना तारलं होतं ते रोजच्या भाकरीनं. भिवानं सारजाकडे पाहिलं. सारजानं हळूच मान हलवली.

"एक, दोन, तीन," भिवा म्हणाला.

"भाकर," दोघं एकदम म्हणाले.

परी खुदकन हसली. तिचे पंख लखलखले, अंगणभर केशरी उजेड सांडला, आणि तो उजेड गुढीच्या तांब्यावर चढून क्षणभर थांबला. मग तो आभाळात विरला, आणि परी कुठेच नव्हती.

आत टोपल्यात गरम भाकरी होत्या. किती काढल्या तरी टोपलं भरलेलंच. त्या दिवसापासून कुणाचं छप्पर उडो, कुणाचा हात आखडो, करंजवाडीत भुकेल्या पोटी कुणी झोपलं नाही. लाल कौलांच्या घरी यायचं, सारजाच्या छोट्या टोपलीतून भाकर न्यायची, आणि टोपली परत करताना तिच्यात काहीतरी घालायचं, मग ते पळसाचं एक फूल का असेना.

भिवा आणि सारजा आजही जेवताना तीनपर्यंत मोजतात. तो म्हणतो पुरणपोळी, ती म्हणते श्रीखंड. पुन्हा काही जुळत नाही, आणि पुन्हा दोघं पोट धरून हसतात.