लाडोबाचे मागचे पाय

"परवाना नामंजूर!" नाकेदार भुजंगरावांनी शिक्का बाजूला सारला. "शिकायला म्हणून येतात आणि इथेच ठाण मांडून बसतात. चल, हो मागे!"

साळू ही शेजारच्या राज्यातल्या बोरवेलीच्या कोष्ट्याची मुलगी. भानुपूरच्या पाठशाळेत पक्का लाल रंग करायला शिकवत, तो तिला शिकायचा होता. बोरवेलीचा लाल पहिल्याच पाण्यात उतरे. एका लग्नात शेला भिजला आणि नवरदेव पागोट्यापासून जोड्यांपर्यंत लालेलाल झाला! तेव्हापासून गावचं कापड कुणी घेईना. घरोघरचे माग धूळ खात पडले. साळू अशी बरी मागे फिरेल! तिने थेट राजा भानुसेनाकडे दाद मागितली.

"महाराज, हिला रंगांबद्दल विचारलं," भुजंगराव म्हणाले. "सगळं घडाघडा सांगितलं. एवढं येतं, तर शिकायचं कशाला?"

"आणि सांगता आलं नसतं तर?" साळूने विचारलं.

"तर अडाणी म्हणून परत पाठवलं असतं!"

राजा मिशीतल्या मिशीत हसला, पण तोही हट्टीच. "पोरी, शिकून तू घरी जाशील कशावरून? शपथा नकोत. तुझं उद्याचं परतणं मला आज डोळ्यांनी दाखव! पौर्णिमेपर्यंत मुदत."

भुजंगराव खूश झाले. उद्याचं आज कुणाला दिसलंय!

पौर्णिमेला साळू बोरवेलीहून काखेत गुंडाळी घेऊन दरबारात आली. तिने ती उलगडली मात्र, राजा ताडकन उठला.

"अरे, हा तर आमचा लाडोबा!"

शेल्यावर राजाचा लाडका हत्ती विणला होता. तोच वाकडा सुळा, तोच फाटका कान! सीमेवरच्या जत्रेत साळूने त्याला ऊस भरवला होता. सोंड झाली, डोळे झाले, पुढचे पाय झाले, आणि त्यानंतर नुसते मोकळे धागे.

"मागचा लाडोबा कुठाय?"

"मागे लाल झूल येते, महाराज. पक्का लाल मला येत नाही. आमचा कच्चा वापरला, तर पहिल्या धुण्यात लाडोबा गुलाबी होईल!"

"सापडलीस!" भुजंगराव ओरडले. "म्हणजे शिकून इथेच विणत बसणार!"

"नाही हो, नाकेदारसाहेब. आम्हा कोष्ट्यांत ज्या मागावर कापड चढलं, त्याच मागावर ते पुरं करतात. आणि आमचा माग खड्ड्यात बसवलेला. माग एक वेळ उचलून आणीन. घरातला खड्डा कसा आणू?"

राजा पोट धरधरून हसला. "भुजंगराव, ही जाणार नाही याची तुम्हाला भीती. हिला जायला उशीर होईल, याची आता मला! मारा शिक्का! हिचं शिक्षण आमच्या खर्चाने होईल. आणि शिकून झालं की पक्का लाल रंग ज्यांतून निघतो त्या झाडाच्या मुळ्यांची गाडी भरून हिला बोरवेलीला सोडा. बैल तुम्ही हाकायचे!"

"तोवर शेला तुमच्याजवळ राहू द्या, महाराज," साळू म्हणाली. "फक्त या अर्ध्या लाडोबावर बसायला जाऊ नका. मागच्या मागे पडाल!"