आडवी फांदी

झाडं आणि भांडी एकमेकांशी बोलत होती, तेव्हाची गोष्ट. उन्हानं तापणाऱ्या गावातल्या एका बागेत थंड डोंगरावरून कुंडीतली सरू आली, शेलाटी आणि टोकदार. तिथली पत्र्याची झारी सगळ्या झाडांची मावशी होती. "डोंगरावरची नाजूक पोर, करपेल इथे!" म्हणत ती उठल्यासुटल्या सरूची कुंडी भरायची.

"मावशी, पुरे. माझी मुळं गुदमरतायत."

"लाजतेस काय? घे गं अजून थोडं!"

सरूच्या तळच्या फांद्या तपकिरी पडू लागल्या. म्हातारी चिंच खाकरली, "ऊन बाधलं पोरीला. झारीबाई, वाढा अजून!"

"ऊन नाही, तुमची माया बाधली!" सरू कडाडली. झारी वाकली, तशी सरूनं खालची फांदी कुंडीवर आडवी धरली, पंगतीत ताटावर हात धरतात तशी. पाणी फांदीवरून घरंगळून बाहेर सांडलं.

"मोठ्यांनी वाढलेलं नाकारतेस?" चिंच ओरडली. झारी तर रुसून कोपऱ्यात जाऊन बसली.

कुंडीतली माती हळूहळू सुकली. मुळांना वारा लागला, आणि त्याच कडक उन्हात सरूच्या शेंड्याला हिरवी पालवी फुटली. तिला हायसं वाटलं.

ती पालवी पाहून झारी परत आली. या खेपेला ती वाकली नाही. जरा घुटमळून म्हणाली, "सरू, पाणी हवंय का गं?"

त्या बागेत हे आजवर कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. सरूनं फांदी बाजूला घेतली.

"हो मावशी, आता चालेल. थोडंच हं."