जाजमाखालचं पेव

मल्लाप्पा कोष्टी राजवाड्याच्या अंगणात चालता चालता नाहीसा झाला!

हैबतराव महाराजांनी गावजेवणाचं आवतण दिलं होतं, म्हणून बिचारा धुतलेलं धोतर नेसून आला होता. अंगणाच्या मधोमध होतं पेव, म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. त्यात पाणी झिरपून जोंधळा कुजला, म्हणून आठ दिवसांपूर्वी ते उघडून ठेवलं होतं. पाहुण्यांना भोक दिसणं बरं नव्हे, म्हणून कारभारी त्र्यंबकपंतांनी त्यावर झकास लाल जाजम अंथरलं. मल्लाप्पाने त्यावर पाय ठेवला आणि तो जाजमासकट खाली गेला! वर काढला तेव्हा पाय मोडलेला आणि मिशांत जोंधळे.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी अंबक्का दरबारात उभी राहिली.

"महाराज, आप्पा तुमच्या आवतणानं आलं आन् तुमच्याच पेवात पडलं. पाय बरा होईस्तोवर मागावर कोण बसणार? न्याय करा!"

"सरकार," त्र्यंबकपंत पुढे सरसावले, "पाचशे माणसं जेवायला आली होती. मग हा एकटाच कसा पडला?"

"कुणीतरी पहिलं पडावं लागतंय की, पंत! आप्पा पडलं तवा बाकीच्यांना भोक दिसलं."

महाराजांनी मिशीला पीळ दिला. त्यांनी मिशीला पीळ दिला की राज्यातल्या शहाण्या माणसांना धडकी भरे.

"पेव आपल्या जागी गप्प होतं," ते म्हणाले. "चालत गेला तो मल्लाप्पा. मग आगळीक कोणाची? चालणाऱ्याची! उलट आमचं जाजम मळलं. आणि ज्याला खड्ड्याशी नीट वागता येत नाही, त्याच्या घरात खड्डा असणं धोक्याचं. त्याच्या मागाचा खड्डा बुजवून टाका!"

दरबार म्हणाला, "वा! वा!" दरबाराला पगार त्याचाच मिळत होता.

अंबक्का मात्र पुढे आली. कोष्टी खड्ड्यात पाय सोडून विणायला बसतो. खालच्या पावड्या पायांनी दाबायच्या, वर हातांनी धोटा फेकायचा. खड्डा बुजला की माग गेला, आणि माग गेला की घरातली चूल विझली.

"महाराज, आमच्या पोटावर पाय देऊ नका!"

"बरं, एक संधी देतो. आमचं पेव जागचं हललं आणि आपण होऊन तुमच्यापर्यंत आलं, हे सिद्ध कर. चार दिवसांची मुदत. नाही जमलं तर फावडी पाठवतो!"

सगळे खदाखदा हसले. अंबक्काने पदर खोचला.

"चार दिस कशापायी? उद्या दुपारी आमच्याकडं जेवायला या. पेव आमच्या घरीच उतरलंय. गाठ घालून देते!"

पेव जेवायला बसलेलं कोणाला बघायचं नसतं? दुसऱ्या दिवशी महाराज पंतांना घेऊन कोष्टीआळीत हजर झाले. अंबक्का दारातच उभी होती.

"थांबा महाराज! आत आल्यावर डाव्या हाताला माग हाय. तिथं खड्डा हाय, जपून या."

महाराज कडेकडेने आत आले आणि पाटावर बसले. कोपऱ्यात मल्लाप्पा पाय बांधून पडला होता, त्याने पडल्या पडल्याच मुजरा केला. अंबक्काने पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार धरली आणि वाड्याच्या बाजूची खिडकी उघडली.

महाराजांचा घास तोंडापाशीच थांबला.

"शी! काय कुजलंय इथे? उंदीर मेलाय का?"

"असं बोलू नका महाराज, पाहुणं हाय ते! आपलं पेव! वाड्यात दिवसभर ऊद जळतोय, तवा तिथं त्याला करमत नसंल. धा दिस झालं, आमच्याकडंच मुक्कामाला हाय. सकाळी चुलीपाशी बसतंय, दुपारी ताटात येतंय, रातच्याला हातरुणात शिरतंय. आमी तर आवतणबी दिलं न्हवतं!"

"पेव वाड्यातच आहे!" उपरणं नाकाला लावून पंत ओरडले.

"मग तुमच्या नाकात काय शिरलंय, पंत? जे पेव सारी आळी पालथी घालतंय, ते जागचं हलत न्हाई म्हणता?"

पंतांना उत्तर द्यायला श्वास घ्यावा लागला असता. त्यांनी तो घेतला नाही.

महाराजांनी घास ताटात ठेवला. हरले होते, पण हट्ट सुटेना. नाक धरून म्हणाले, "मल्लाप्पाला आम्ही बोलावलं होतं, हे कबूल. पण चोर पडला असता तर? त्याचाही पाय आम्हीच बांधायचा?"

"चोराला कुणी 'जपून या' म्हणत न्हाई, महाराज. उघड्या खड्ड्यात पडला तर त्याचं तो बघंल. पण वर जाजम घातलं की त्यो खड्डा ऱ्हात न्हाई, सापळा होतोय! आन् सापळा मानूस बघून धरत न्हाई. इचारा पंतांना, आप्पाच्या मागनं त्या जाजमाकडं कोण निघालं हुतं?"

पंत हळूच दाराकडे सरकले.

"सांगा की, पंत!" महाराज गरजले.

"सरकारच," पंत पुटपुटले.

महाराजांनी आपल्या दोन्ही धड पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "जिंकलीस, पोरी! मागाला कोणी हात लावायचा नाही. पेव आजच उपसून बुजवून टाका. आमचे हाडवैद्य रोज इथे येतील, आणि या घराला वर्षाचा शिधा वाड्यातून येईल. मल्लाप्पा उठेपर्यंत मागावर जाजम अंथरणारा बसेल!"

"मी? सरकार, मला विणण्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"त्यात काय कळायचंय?" अंबक्का म्हणाली. "धोटा मी फेकते, तुमी पावड्या दाबा. त्याला पाय लागत्यात, पंत, डोकं न्हाई. तुमाला जमंल!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की नाक धरायचं विसरले.